खाणीचं लोखंड

बर्फ पडायला लागलं तसा बुरुलने बॉयलर पेटवला. रशियात बांधकामावर जाण्याआधी तिचा नवरा एसेनबेक याने तो स्वतःच्या हाताने जोडला होता. जाड लोखंडी पाइपाचा तुकडा कापून खाली जाळी, वर झाकण आणि बाजूंनी पाण्याचे नळ. दिसायला ओबडधोबड, पण बादलीभर कोळशावर अख्खं घर ऊन ठेवायचा.

पहिले काही दिवस बरे गेले. मग आवाज सुरू झाले. आधी नुसती गुडगुड, पोटात वारा धरल्यासारखी. मग किटली उकळावी तशी घरघर. आणि मध्येच कधीतरी ठोके. कणीक मळता मळता तिचे हात थांबायचे. कुणी दारात आलंय असं वाटून ती दोनदा उठलीही होती.

"हवा भरली असेल," एसेनबेक फोनवर म्हणाला. "शार्शेनकाकांना बोलाव."

शार्शेनकाका आधी खाणीत होते. खाण बंद पडल्यापासून गावातले बॉयलर दुरुस्त करत. ते दुपारी आले, कान नळाला लावून बराच वेळ उभे राहिले.

"तीन दुखणी आहेत याला," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा दोनच कमी."

भिंतीवरच्या रेडिएटरांची टोकं सैल करून त्यांनी हवा सोडली. फुस्स करून ती गेली आणि गुडगुड थांबली. एक नळ तापला की फुगून भिंतीवर आपटत होता, तिथे त्यांनी नमद्याचा, जाड दाबलेल्या लोकरीचा तुकडा ठोसला. "आणि ही घरघर चुन्याची. आपलं पाणीच तसलं. विस्तव काढ, पाणी सोडून दे. आतून खरवडतो."

तिने निखारे बाहेर बर्फावर नेऊन ओतले. पाणी मोरीतून वाहून गेलं. काकांनी आतला थर खरवडला, ओल्या फडक्याने पुसून काढला आणि चहाला बसले. बॉयलर रिकामा, थंडगार, झाकण उघडं.

ठक. ठक. ठक.

काकांचा पेला ओठांपाशीच राहिला.

थोडी शांतता. मग पुन्हा... तेच तीन.

"आत तर काहीच नाही," बुरुल म्हणाली.

काकांनी पेला खाली ठेवला. "एसेनबेकने हा पाइप कुठून आणला?"

"वरून. खाणीच्या भंगारातून."

"कुठल्या बोगद्याचा?"

बुरुलला माहीत नव्हतं. काका गुडघ्यांवर बसले, बाहेरच्या अंगाची काजळी त्यांनी अंगठ्याने पुसली. खाली छिन्नीने कोरलेला आकडा होता. नऊ.

बुरुलही मग खालीच बसली. नवव्या बोगद्यात आग लागली तेव्हा ती लहान होती. तिचे वडील खाली होते, आणखी सहाजण होते. वरच्या साहेबांना कळवलं गेलं की आत कोणी जिवंत नाही. मग हवा बंद होऊन आग विझावी म्हणून बोगद्याचं तोंड विटांनी बुजवून टाकलं. हे कळवणारा पाळीचा मुकादम म्हणजे मामबेत, एसेनबेकचा थोरला भाऊ. बुरुलचं लग्न ठरलं तेव्हा सगळे म्हणाले, झालं गेलं विसर, ते आधीच गेले होते. ती विसरली नव्हती. पण मानलं होतं तिने.

"काका, त्या तीन ठोक्यांचा अर्थ काय?"

"मी त्या दिवशी दवाखान्यात होतो पोरी. पायावर दगड पडला होता."

"अर्थ विचारतेय मी."

"आम्ही जिवंत आहोत," काका हळूच म्हणाले. "हवेच्या अशाच पाइपावर मारायचे. वरच्याने ऐकलं की तसेच तीन मारायचे. म्हणजे ऐकलं, येतोय." त्यांनी तिचा हात धरला. "तू मारू नकोस. उत्तर मिळालं की माणूस वाट बघतो."

तेवढ्यात फाटक वाजलं. मामबेत बूट झटकत आत आला. धूर दिसला नाही म्हणून बघायला आलो, म्हणाला. बसायच्या आत त्याने ते ठोके ऐकले. त्याचा चेहरा पिठासारखा झाला.

"लोखंड गार होताना वाजतं," तो म्हणाला.

"हात लावून बघा ना."

त्याने हात लावला नाही. "बुरुल, हे भंगार फेकून दे. मी शहरातून नवाकोरा आणून देतो. आजच गाडी पाठवतो."

"लग्नात साधी कढई दिली नव्हती तुम्ही, भावजी. आज एवढी माया कुठून आली?"

"मोठ्यांशी बोलतेयस."

"म्हणूनच विचारतेय. त्या दिवशी पाइपापाशी तुम्हीच उभे होतात ना? तेव्हा गार होत होतं का लोखंड?"

मामबेतने काकांकडे पाहिलं. काका जमिनीकडे पाहत होते. ठक. ठक. ठक. मामबेत वळला आणि निघून गेला, टोपी तिथेच विसरून.

"आता तरी शेजारी निजायला जा," काका म्हणाले. "आणि शुक्रवारी तेलात पोळ्या तळ, त्यांच्या नावाने."

"ते मेलेल्यांसाठी करतात काका. हे तर म्हणतायत आम्ही जिवंत आहोत."

काका गेले. बाहेर उजेड निळसर होत चालला होता. बुरुलने हंडी चुलीवर चढवली, चहा केला, चादर अंथरून पाव, लोणी, मुरांबा मांडला. मग तिने सळई उचलली आणि त्या काळ्या लोखंडावर मारली. एक. दोन. तीन.

आत काहीतरी थांबलं. कुणी श्वास धरावा तसं.

मग आवाज बॉयलरमधून हलला. पहिल्या रेडिएटरमध्ये आला. दुसऱ्यात. मग भिंतीत. ओल्या कोळशाचा, जुन्या दिव्याच्या धुराचा वास खोलीभर झाला. मग ठोके पुढच्या दारावर पडले... अगदी खाली, उंबऱ्यापाशी. उभ्या माणसाचा हात तिथे पोचत नाही.

"थांबा," बुरुल म्हणाली. "येते."

तिने कडी काढली. अंगणात कोणी नव्हतं. बर्फ सपाट, त्यावर जाणाऱ्यांच्या बुटांचे ठसे तेवढे.

"बाबा," ती अंधाराकडे बघत म्हणाली, "दमला असाल. चहा तयार आहे. सगळ्यांनी या. पण ज्याला जाब विचारायचा तो माणूस इथे राहत नाही. वरच्या अंगाला हिरवं फाटक आहे, तिथे."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग शेजारचं कुत्रं भुंकलं. ते गप्प झाल्यावर त्याच्या पलीकडचं. मग त्याच्या पलीकडचं. भुंकणं असं घराघराने चढत गेलं आणि हिरव्या फाटकापाशी पोचून थांबलं. चहा गार होईपर्यंत बुरुलने दार लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने बॉयलरमध्ये पाणी भरलं, विस्तव घातला. तो मांजरासारखा गुरगुरत तापला. दुसरा आवाज नाही.

दुपारी मामबेत आला. मेंढीच्या कातड्याचा कोट गळ्यापर्यंत आवळलेला, डोळे तांबारलेले.

"टोपी न्यायला आलात?"

"घरातले सगळे पाइप कापून टाकले मी," तो म्हणाला. "तरी ठोके थांबत नाहीत."

"काल हातभर अंतरावरून सांगत होतात, लोखंड वाजतं म्हणून."

"ते जिवंत होते, बुरुल." त्याचा आवाज फुटला. "मी ऐकलं होतं. आग चढत होती... मला वाटलं..."

"गावासमोर सांगा. काकांसमोर, त्या सगळ्यांच्या घरी जाऊन सांगा. मला एकटीला नको."

तो नकाराने मान हलवत उभा राहिला. आणि तेव्हा तिला ऐकू आलं. तिने मागे वळून बॉयलरकडे पाहिलं, तो गप्प होता. तीन ठोके मामबेतच्या बंद कोटाच्या आतून येत होते.

त्याने तिच्याकडे पाहिलं, तिने ऐकलं का हे बघायला. मग सावकाश मूठ वळली आणि स्वतःच्या छातीवर मारली. एक. दोन. तीन.

आतून लगेच उत्तर आलं. एका हाताचं नव्हतं ते. पुष्कळ हात होते.