सुभद्रेची मिशी

"बाई, आपण आधी..." पायरीवर थांबून फेटेवाला अदबीनं म्हणाला.

"छे छे, पाहुणे, तुम्हीच..." पदर सावरत नथवाली लाजली.

मग दोघांनी एकमेकांचा आवाज ऐकला — आणि दोघंही फिस्सकन हसली.

फेट्यातली तुंगा. बेळगावात तिच्या मावशीची बायकांची नाटकमंडळी होती, त्यात ती अर्जुन करायची. नथीतला मोरेश्वर, पुरुषांच्या कंपनीची लाडकी सुभद्रा. पायरी होती चित्रकार व्यंकोबा मास्तरांची. त्यांना सुभद्राहरणाचं चित्र काढायचं होतं. अर्जुनाचा ताठा त्यांना तुंगेच्या खांद्यांत सापडला होता आणि सुभद्रेचं लाजणं मोरेश्वराच्या मानेत.

रथ म्हणजे एक पालथी पेटी. तीवर उभी राहून तुंगेनं त्याचं मनगट धरायचं. खोलीभर टर्पेंटाइनचा वास...

"हात थरथरतोय तुझा."

"माझा नाही. सुभद्रेचा."

"मग सांग तिला, अर्जुन पाडणार नाही."

"आणि मोरेश्वराला काय सांगू?"

तुंगेची नजर खाली गेली.

"अर्जुना, लाजतोस काय!" मास्तर ओरडले. "लाजायचं काम तिकडे दिलंय! आणि पकड... पकड येत नाही अजून!"

चित्र संपत आलं. मोरेश्वराची कंपनी धारवाडला निघणार होती. तिच्या मालकांचा नियम सर्वांना ठाऊक होता. नायिका करणाऱ्यानं मिशी ठेवायची नाही आणि लग्नाचं नाव काढायचं नाही.

शेवटच्या दिवशी मोरेश्वर आला तो ओठावर काळे खुंट घेऊन.

"अरे, सुभद्रेला मिशी!" मास्तरांचा ब्रश हवेतच राहिला.

"कंपनी सोडली, मास्तर. लग्न करायचंय... होकार मिळाला तर." बोलला मास्तरांशी, पण बघत होता तुंगेकडे.

तुंगेचे डोळे चमकले आणि लगेच पेटलेही. "सुभद्रा सोडलीस? मला न विचारता?"

"नथ घालणारा नवरा... चालेल तुला?"

"त्या पायरीवर मी कशाला भुलले होते? मिशीला?"

त्याचा हात ओठावरच्या खुंटांकडे गेला.

"मावशीला कालच सांगितलंय. आपल्याकडे सुभद्रा मोरेश्वर करेल. नाहीतर दुसरा अर्जुन शोध."

"हे मला विचारून सांगितलंस वाटतं?"

तुंगा अडखळली. "ते... ते वेगळं."

"बायकांच्या मंडळीत मी? लोक दगड मारतील, तुंगे."

"मारू देत. पुढे अर्जुन उभा असेल. तू गाणं थांबवू नकोस, म्हणजे झालं."

"मावशी काय म्हणाल्या?"

"आधी शिव्या घातल्या. मग विचारलं, पोरगा तालात गातो का?"

मोरेश्वर हसला. मागच्या पडवीत जाऊन, मास्तरांचाच वस्तरा घेऊन गुळगुळीत होऊन आला. नथ चढवली, मान झुकवली. तुंगा पेटीवर चढली आणि तिनं त्याचं मनगट धरलं.

"हां! हीच!" मास्तर पुटपुटले. "हीच पकड..."

ब्रश भराभर चालला. उन्हाचा पट्टा भिंतीवरून सरकत गेला.

"झालं. सोडा आता."

सुभद्रेनं हात हळूच ओढून पाहिला. अर्जुन हलला नाही.

"अगं, सोड म्हणतोय ना!"

"नाही मास्तर," तुंगा म्हणाली, "हरण केलंय."