उघडं पातं

लोटूला चाकू विकायचा म्हणजे लग्न जुळवण्याचा खटाटोप, असं बुधवाऱ्याच्या बाजारातला नंदकुमार आपल्या लोखंडी सामानाच्या दुकानात बसून बिनदिक्कत सांगायचा, तेही लोटूच्या तोंडावर. लोटूला त्याचं काही वाटत नसे. तो आपला फळीसमोर उभा राहून पातं उघडायचा, चाकू कानाशी नेऊन हलवायचा आणि खिळा किणकिणतो का ते ऐकायचा. मग पातं अर्धवट मिटून उजेडाकडं धरायचा आणि मुठीच्या फटीतून रस्त्यावरची माणसं बघायचा. फट जितकी बारीक तितका चाकू खरा. तो नवा चाकू घ्यायला आला त्या दिवशी दुकानात नव्या राज्याच्या गप्पा रंगल्या होत्या. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, आता इथल्या मराठी शाळांचं काय होणार, पाट्या कोणत्या भाषेत लागणार. लोटूनं मान वर केली नाही. राज्य कुणाचंही असो, केळीचे मुनवे, बुंध्याशी फुटणारी पिलं, कापायला चाकू लागतोच.

त्याचा जुना चाकू शिंगाच्या मुठीचा होता. लग्नाच्या वर्षी घेतलेला, तेव्हापासून बंडीच्या खिशात. तंबाखू, सुतळी, उसाचं कांडं, पायात मोडलेला काटा, सगळं त्यानंच व्हायचं. त्याला एकच खोड होती, खिळा सैल होता. एकदा लोटूची बायको धुरपदाबाई भोपळा चिरत असताना पातं अचानक मिटलं आणि तिच्या अंगठ्याजवळच्या बोटावर बसलं. बोट वाचलं, पण शेंड्यावर आडवा व्रण राहिला. पुढं मालू झाली. धुरपदा त्याच बोटानं तिच्या तळपायाला काजळाची तीट लावायची आणि व्रणाच्या जागी काजळ उमटायचंच नाही. तीट गव्हाच्या दाण्यासारखी दिसायची, मधोमध चीर असलेली. धुरपदाची पोर जत्रेत हरवली तरी सापडेल, असं निंबोल्याच्या, त्यांच्या गावच्या बाया चिडवायच्या.

त्या दिवसापासून धुरपदाला उघडं पातं दिसलं की चैन पडत नसे. चाकू कुठं का असेना, ती उचलायची, पात्यावरून खोबरेलाचं बोट फिरवायची आणि मिटून ठेवायची. कुणाच्या हातात मात्र कधी द्यायची नाही. हातात चाकू दिला की भांडण होतं. खाली ठेवायचा, मूठ समोरच्याकडं करून, मग त्यानं उचलायचा. लोटू मुद्दाम हात पुढं करायचा आणि ती मुद्दाम जमिनीवर ठेवायची. सगळा संसार त्यांनी या एका खेळात काढला असं म्हटलं तरी चालेल. गेल्या दिवाळीच्या आधी ती तापानं गेली आणि काही दिवसांतच जुन्या चाकूचा खिळाही निखळला. लोटूनं तो दुरुस्त केला नाही. नवाही घेतला नाही. वर्षभर तो दातानं सुतळी तोडत होता.

नवा चाकू घ्यायची वेळ आली ती मालूमुळं. मालूचं पहिलं मूल सासरी जन्मलं आणि रडलंच नाही. त्या वेळी धुरपदा अंथरुणाला खिळलेली. पुढचं बाळंतपण मी करीन, हे तिनं शेवटच्या दिवसांत इतक्यांदा म्हटलं, की अखेरीला तिला दुसरं काही बोलताच येईना. आता मालू पुन्हा दिवसांतली, माहेरी आलेली. घरात बाईमाणूस नाही, म्हणून लोटूनं गावातल्या सुईणीला, भागाबाईला, आपल्याकडंच राहायला बोलावलं. भागाबाईचा हात हलका होता. तिनं मालूचं पोट चाचपलं, बाळ नीट असल्याचं सांगितलं, आणि लोटूला ओट्यावर बोलावून आवाज खाली आणला.

"लोटूभाऊ, धुरपदाचा जीव या पोरीत अडकेल हाये. ती येईन. आन आली त लेकराले घेतल्याबिगर जायची नही."

मग तिनं उपाय सांगितला. घरधन्याच्या खिशातलं, रोजच्या वापरातलं लोखंड मालूच्या उशाखाली पाहिजे. आणि पातं उघडं पाहिजे, कारण मिटलेलं लोखंड झोपलेलं असतं. विळा नको, लेकराला लागेल. चाकू बरा.

लोटूचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. त्याचा विश्वास खिळ्यावर आणि पातं ताठ धरणाऱ्या कमानीवर. पण मालूच्या बाबतीत तो कशालाही हो म्हणाला असता. बोट कापणार नाही, आपण मेल्यावरही कुणाच्या तरी खिशात चालेल, असा चाकू त्याला हवा होता. त्यानं शिसवी मुठीचा एक निवडला, चार दिवस खिशात वागवून हाताला ओळखीचा केला, आणि उघडून मालूच्या उशाखाली ठेवला.

सकाळी तो मिटलेला होता.

मालूनं हात लावला नव्हता, भागाबाईनं तर नाहीच. लोटूनं चाकू हलवून पाहिला आणि कमान मऊ आहे असं ठरवलं. डोक्याच्या भारानं मिटला असणार. असीरगडाकडून येणाऱ्या मोटारीनं तो पुन्हा बुधवाऱ्यात गेला आणि नंदकुमारची खरडपट्टी काढली. नंदकुमारनं पातं उघडून फळीवर दाबून दाखवलं. ते हललं नाही. तरी जुनं गिऱ्हाईक म्हणून त्यानं चाकू बदलून दिला. आता पितळी मुठीचा, एवढ्या ताठ कमानीचा, की उघडताना लोटूचं नख तुटलं.

तोही सकाळी मिटलेला निघाला. उशाखाली नव्हता, बाजेशेजारी जमिनीवर होता, आणि मूठ दाराकडं, जिथून लोटू आत येतो तिकडं केलेली होती. त्यानं वाकून उचलला. पात्याला खोबरेलाचा वास येत होता.

त्यानं चाकू खिशात टाकला. भागाबाई चूल पेटवत होती, तिला त्यानं काही सांगितलं नाही. खरं सांगायचं तर त्याला भीती वाटली नाही. त्याला इतकं बरं वाटलं की त्याचीच त्याला लाज वाटली. मग आतून मालू कण्हली, आणि पहिल्या नातवंडाचं न रडलेलं तोंड त्याच्या डोळ्यांपुढं आलं.

तिसऱ्यांदा तो दुकानात गेला तेव्हा नंदकुमारनं थट्टा केली नाही. त्यानं लोटूचा चेहरा पाहिला आणि आतल्या कपाटातून एक चाकू काढला. जाड पात्याचा, खटक्याचा. उघडला की मागचा दात खाचेत बसायचा, आणि कडी ओढल्याखेरीज पातं मिटत नसे.

"ये पक्की चीज है, लोटूभाऊ," नंदकुमार म्हणाला. "हा आपोआप मिटणार नाही. कोणी मिटवला तरच मिटेल."

लोटूनं फटीतून रस्ता पाहिला नाही, खिळाही ऐकला नाही. चाकू खिशात टाकला आणि निघाला. घरी येऊन त्यानं उघडलेल्या चाकूच्या कडीवर सुतळी आवळून गाठ मारली, वर आणखी एक गाठ मारली, आणि चाकू उशाखाली सरकवला. आपण कुणाच्या तोंडावर दार लावतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मालू बाळंत झाली. मुलगी. रडली, चांगली खणखणीत रडली, आणि भागाबाईनं हात जोडले. चाकू उघडाच होता.

पण मुलगी रडायची थांबेना. दूध तोंडात घेईना. मालूनं छातीशी धरली की मान फिरवायची, ती नेमकी दाराकडं. भागाबाईनं ओव्याची धुरी दिली, पोट शेकलं, कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून पाहिलं, ते ओठावरून ओघळलं. दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी रडणं बारीक झालं, आणि भागाबाई लोटूच्या नजरेला नजर देईनाशी झाली.

चौथ्या दिवशी गाव उठायच्या आधी लोटू बाहेर आला. थंडी अशी की केळीची पानं काचेसारखी ताठ झाली होती. खाली बसताना त्यानं उंबऱ्याच्या दगडावर हात टेकला.

दगड कोमट होता.

आजूबाजूचा ओटा बर्फासारखा गार. उंबऱ्यावर, बाहेरच्या अंगाला, एक माणूस बसेल एवढीच जागा कोमट होती. कुणीतरी रात्रभर तिथं बसून आत्ताच त्याला जागा करून द्यायला सरकलं असावं, तशी.

"बा," आतून मालूचा आवाज आला. तिला उठवत नव्हतं. "बाहेर कोन हाये? कोनीतरी तिले चूप करून र्‍हायलं. रातभर. आत काऊन येत नही ते?"

लोटू उठला. तो आत गेला, उशाखालून चाकू काढला आणि सुतळीच्या गाठी दातांनी सोडवल्या. भागाबाईनं त्याचा हात धरला.

"पाचवी होऊ द्या, लोटूभाऊ. तिनं लेकरू नेलं त मी काय करू?"

"तिनं आजवर कोनाचं काय नेलं, भागाबाई?" लोटू म्हणाला. "ते भूत नही. ते मालूची माय हाये."

भागाबाईनं हात सोडला.

त्यानं कडी ओढली. पातं मिटलं. उंबऱ्यावर त्यानं चाकू खाली ठेवला, मूठ बाहेरच्या बाजूला करून.

"धुरपदे," तो म्हणाला, "ये."

आणि तो तिथं थांबला नाही. ती लाजाळू होती, चारचौघांत नवऱ्यासमोर उभी राहायची नाही. तो सरळ केळीत गेला आणि वाफ्यांत पाणी सोडत बसला. सगळं लक्ष घराकडं. रडणं ऐकू येईना. मूल निजलं की गेलं, हे शेतातून कळायला मार्ग नव्हता. जाऊन बघायचं धैर्यही त्याला होईना. ऊन चांगलं वर आल्यावर तो उठला.

उंबऱ्यावर चाकू नव्हता.

भागाबाई भिंतीला टेकून गाढ झोपली होती. मालू जागी होती, आणि मुलगी तिच्या छातीशी चुटूचुटू दूध पीत होती. लोटू दारातच बसला. त्याचे डोळे वाहत होते आणि ते त्यानं पुसले नाहीत.

"केव्हापासून?" त्यानं विचारलं.

"तुमी आत येऊन तीट लावून गेले ना, तव्हापासून," मालू म्हणाली. "माह्या डोयावर झापड व्हती. बरं केलं, बा. मले सुचलंच नही."

लोटू पुढं सरकला. काजळाची डबी धुरपदा गेली तेव्हापासून कोरडी पडली होती.

त्यानं गोधडीचं टोक उचललं. इवल्याशा तळपायावर काजळाचा ठिपका होता, अजून ओला. गव्हाच्या दाण्यासारखा, मधोमध चीर असलेला.

त्यानं पायाला हात लावला नाही. पुसलं जाईल म्हणून.

"चाकू कुठं हाये, मालू?"

"उशाखालीच त हाये. तुमीच ठेवला."

त्यानं हात घातला. चाकू उघडा होता. पात्यावर खोबरेल, आणि खटक्याचा दात खाचेत घट्ट बसलेला. त्याचं बोट कडीपाशी गेलं. तेवढ्यात मुलीनं दूध सोडलं, कोपऱ्यातल्या रिकाम्या पाटाकडं पाहिलं आणि हसली. तीन दिवसांच्या लेकराला नजर नसते म्हणतात.

लोटूनं हात मागं घेतला. जन्मभर पाती मिटणारीनं हे आतून, लेकराच्या राखणीला उघडलं होतं. पातं त्यानं तसंच उघडं राहू दिलं.

संध्याकाळी ओट्यावर बसायच्या आधी त्यानं उंबऱ्याच्या दगडावर तळहात टेकून पाहिला. मग जागा बदलून पुन्हा पाहिला.

दगड गार होता.