अडलेला ‘न’

“शेवटचं पान कुठाय?”

काउंटरपलीकडच्या माणसाने मला पाहिल्या पाहिल्या हेच विचारलं. ना नाव, ना गाव. त्याच्या हातात माझी वही होती. आदल्या दिवशी माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या विणकर कार्डाची झेरॉक्स काढायला मी बेळगावच्या शहापुरातल्या या दुकानात आले होते आणि पावसाच्या घाईत वही इथेच विसरले होते. कुणी उघडून वाचली तर, या धास्तीने माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

त्याने वाचली होती. सगळी.

“मी ती… न — न —”

‘न्यायला आले’ म्हणायचं होतं. ‘न’ टाळूला चिकटून बसला. मग मी नेहमीची युक्ती केली. शब्द बदलला. “घ्यायला आले.”

बावीस वर्षांत मला ‘न’ नसलेली मराठी बरी जमायला लागली होती. नको म्हणायचं असलं की मी ‘राहू दे’ म्हणे. नाना मामांना नुसतं ‘मामा’. पण काही शब्दांना बदली मिळत नाही.

“घ्या की,” तो म्हणाला, पण वही सोडेना. “मी शिवराज. कंग्राळीचा. सकाळी शेतात असतो, दहानंतर हितं. लग्नपत्रिका, अर्ज, वाढदिवसाचे बॅनर… मराठीत, कन्नडात, सांगशीला त्या भाषेत टाईप करतो. पर असलं कधी हाताखालनं गेलं न्हाय बघा. काल संध्याकाळी दुकान बंद करायचं इसरलो.”

“दुसऱ्याची वही…”

“चुकलं. लई चुकलं.” तो हसला. त्याचा एक दात किंचित पुढे होता आणि हसताना ओठ मिटून तो झाकायला बघायचा. “आता चुकलोच हाय तर सांगून टाका. ती पोरगी भिंतीपाशी उभी हाय. पुढं काय?”

बाहेर श्रावणातला पाऊस झिमझिमत होता. मी वही ओढून घेतली आणि पुढं काय ते न सांगताच निघाले. अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं, की मी हसतेय. चौदा महिन्यांत पहिल्यांदा.

माझ्या गोष्टीत एक नगर होतं. चहूबाजूंनी भिंत. सोळावं लागलं की प्रत्येकाला एका पितळी कर्ण्यापुढे उभं करायचे. त्याला ‘कान’ म्हणत. तो एकच प्रश्न विचारायचा आणि एकच शब्द ऐकायचा. त्या शब्दावरून माणसाची लायकी ठरायची आणि ती पट्टीवर कोरून गळ्यात बांधली जायची. माझ्या नायिकेचा, मिणाचा शब्द कानाने चुकीचा ऐकला. तिच्या पट्टीवर ‘फितूर’ कोरलं गेलं. त्यानंतर लोक तिचा चेहरा बघेनासे झाले. आधी पट्टी वाचायचे, मग वाट बदलायचे.

चार दिवसांनी मी पुन्हा दुकानात गेले. आपली आपण.

“टाईप करून देतो,” शिवराज म्हणाला. “बदल्यात शेवटचं पान पाहिजे.”

“तीन शेवट आहेत. तिन्हीत ती म-मरते.”

“मग तिन्ही टाईप करणार न्हाय.”

“दुकान तुमचं, गोष्ट माझी!”

“व्हय की. पर बोटं माझी.”

यंत्रमागाच्या कारखान्यातलं काम दुपारी आटपलं की मी तिथे जाऊ लागले. मी वाचायची, तो टाईप करायचा. कुठे अडले, तर तो कीबोर्डवरचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवायचा आणि थांबायचा. माझ्या ओठांकडे बघायचा नाही, मोबाईल चाळायचा नाही. जणू त्या अडलेल्या जागेतही काही लिहिलेलं होतं आणि तो ते वाचत होता. त्याच्यापुढे मी शब्द बदलायचं हळूहळू सोडून दिलं. आमचं ‘अहो-जाहो’ गळून पडून त्याच्या तोंडी मी ‘भाग्या’ कधी झाले, तेही कळलं नाही.

एकदा टाईप करता करता तो एकदम थांबला.

“एक विचारू? राग आला तर येऊ दे. ते नगर वाईट, तो कान बहिरा… सगळं कबूल. पर तुझी मिणा रोज सकाळी उठून ती पट्टी राखेनं घासती. चकचकीत करती. का गं? तिला कुणी सांगितलंय?”

मी वहीकडे पाहिलं. ते वाक्य मीच लिहिलं होतं. अकराव्या पानावर, चौतिसाव्या पानावर, पुन्हा साठाव्या. लिहिताना एकदाही दिसलं नव्हतं.

“तिला वाटतं…” मी म्हणाले, “ती पट्टी ख — खरी असेल.”

काउंटरवरचा चहाचा ग्लास त्याने माझ्याकडे सरकवला. आमची बोटं एकमेकांना लागली. मी हात काढला नाही… त्यानेही नाही.

आणि तेवढ्यात अंबुबाई दुकानात शिरल्या.

अंबुबाई म्हणजे रचनाची आई. आमच्याच गल्लीत, वडगावात राहणाऱ्या. रचना आणि मी बालवाडीपासून बरोबर. एका बाकावर बसलो, एका मालकाच्या मागावर कामाला लागलो. अंबुबाईंच्या हातात रचनाचा अपंगत्वाचा दाखला होता. त्यांनी मला पाहिलं आणि दाखला काउंटरवर आपटला.

“हिचं काय टाईप करतोस रं बाबा?” त्या शिवराजला म्हणाल्या. “हिनं सायबाफुडं एक शबूद काढला आन् माझी पोरगी कायमची मोडली. मालकाची साक्षीदार हाय ही. इचार तिला.”

शिवराजने माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. पण त्या नजरेत एक क्षण… मी ती ओळखते. माझी गल्ली मला चौदा महिने त्याच नजरेने बघत होती.

मी वही तिथेच टाकून पळाले.

तिसऱ्या दिवशी तो वडगावात आला. मागांच्या खडखडाटात त्याने हाक मारलेली मला ऐकूच आली नाही. आप्पांनी खिडकीतून बोट दाखवलं. आम्ही कारखान्यामागच्या पत्र्याच्या शेडखाली उभे राहिलो. पाऊस पत्र्यावर ताशा वाजवत होता.

“मला ऐकायचंय,” तो म्हणाला. “तुझ्याकडनं. त्यांच्याकडनं न्हाय.”

मी सांगायला लागले. मागाच्या पट्ट्याला जाळी लागते, हात आत जाऊ नये म्हणून. आमच्या मागाची जाळी कधीच मोडली होती. रचनाचा हात आत गेला. उजव्या हाताची तीन बोटं. नंतर चौकशीला कामगार ऑफिसातले साहेब आले. मी शेजारच्या मागावर होते, म्हणून मला विचारलं — जाळी होती का? शेजारी मालक उभा. पलीकडे आप्पा, खाली मान घालून.

“मी म्हणाले… न — न —”

“नव्हती,” शिवराज पटकन म्हणाला. “जाळी नव्हती!”

“माझा श — शब्द काढून घेऊ नको!”

मी एवढ्या मोठ्याने ओरडले, की शेडखालची कबुतरं उडाली. तो एक पाऊल मागे सरला. मग खाली दगडावर बसला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

“चुकलं,” तो म्हणाला. “बोल. मला कुठं जायचं न्हाय.”

बराच वेळ लागला. पण मी सांगितलं. त्या दिवशी ‘न’ आतच अडला होता आणि बाहेर पडलं ते फक्त ‘व्हती’. साहेबांनी कन्नडात लिहिलं — ‘इत्तु’. होती. सही घेतली आणि जीपमध्ये बसून गेले. चूक पोरीची ठरली, मालक सुटला, रचना घरी बसली.

शिवराज हळूच म्हणाला, “कन्नडात सांगितलं असतंस तर? ‘इरलिल्ल’, म्हंजे नव्हती. त्यात ‘न’ येतच न्हाय.”

मला हसू फुटलं, आणि त्याच हसण्याचं रडू झालं. चौदा महिने मला हे सुचलं नव्हतं.

“तुझी चूक न्हाय ही, भाग्या. तुझी जीभ —”

“तसं म-म्हणू नको.” मी डोळे पुसले. “पहिल्या दिवशी जीभ अडली. दुसऱ्या दिवशी मी लिहून देऊ शकत होते. मला लिहिता येतं, शिवराज. न-नव्वद पानं लिहिली मी! पण आप्पा म्हणाले, मालक काढून टाकेल, माग जाईल आपला. मग मी गप्प बसले. पहिला दिवस जिभेचा. पुढचे चौदा महिने माझे.”

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. वहीलासुद्धा. मला वाटलं, तो आता उठून जाईल.

तो उठला. शर्टाच्या आतून, पोटाशी कोरडी राखलेली माझी वही काढून त्याने माझ्या हातात दिली.

“रचनाकडं कधी जाऊया?”

रचना दारातच बसली होती. डाव्या हाताने शेंगा फोडत. एरवी मारायची तशी ‘भागी’ म्हणून हाक तिने मारली नाही. अंबुबाई आतून धावत आल्या, पण तिने आईला हाताने थोपवलं. शिवराज रस्त्यापलीकडे थांबला होता. मीच त्याला तिथे थांबायला सांगितलं होतं.

“रचना… जाळी… न —”

ती शेंगा फोडायची थांबली. मी डोळे मिटले. शब्द बदलायचा नव्हता. ‘न’ आला, अडला, पुन्हा आला…

“नव्हती.”

शेंग सुपात पडल्याचा आवाज आला.

“मला ठाव हाय,” रचना म्हणाली.

मी डोळे उघडले.

“तुझा ‘न’ अडतो ते मला ठाव न्हाय व्हय? बालवाडीपासनं ऐकतीय त्यो. बाईंनी तुला ‘नऊ’ म्हणायला लावलं की तुझ्या जागी मी म्हणायची.” तिने एक शेंग उचलून पुन्हा खाली टाकली. “त्या दिवशी काय झालं ते मला दवाखान्यातच कळलं. आई म्हणायची, भागी फितूर झाली. मी म्हणायची, थांब, ती येईल. उद्या येईल. दसऱ्याला येईल. तू वाट बदललीस, भागी. पलीकडनं जायला लागलीस. मला बोटांचं एवढं लागलं न्हाय गं…”

मी तिच्या पायाशी बसले. तिने मला मिठी मारली नाही, माफ केलं असंही म्हणाली नाही. पुढ्यातल्या शेंगांचं सूप तेवढं थोडं माझ्याकडे सरकवलं. आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो. अंबुबाई आत जाऊन रडल्या.

सोमवारी आम्ही कामगार ऑफिसात गेलो. साहेब नवे होते. मी घरून लिहून नेलेला कागद त्यांनी घेतला आणि म्हणाले, “झालं, बोलायची गरज न्हाय.”

“आहे,” मी म्हणाले.

मी सगळं बोलले. मराठीत, रचनाच्या शेजारी उभं राहून. कारकुनाने दोनदा घड्याळ पाहिलं. साहेबांनी एकदा शब्द पुरवायचा प्रयत्न केला, तर रचनाच म्हणाली, “थांबा सर, ती सांगत्या.” शेवटी साहेबांनी फाईल मागवली आणि म्हणाले, जुनं प्रकरण आहे, उघडेल की नाही सांगता येत नाही. बेळगावहून वर कुठेतरी कागद जाणार होते. एवढंच.

आमचं मात्र लगेच ठरलं. पुढच्या आठवड्यात आप्पांना आणि मला मागावरून काढलं. वडगावातल्या दुसऱ्या कुणा मालकानेही उभं केलं नाही. मला वाटलं, आप्पा मला बोलतील. ते दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तिसऱ्या दिवशी उठले, चहा घेतला आणि म्हणाले, “इचलकरंजीत काम मिळंल म्हणत्यात. पोरी, त्या दिवशी मान खाली घातली ती मी. आता तू काय मनाला लावून घेऊ नको.”

मी आयुष्यात पहिल्यांदा आप्पांना रडताना पाहिलं.

निपाणीपर्यंत शिवराज आमच्याबरोबर आला. सामान फार होतं, हे निमित्त. तिथून इचलकरंजीची गाडी. निपाणीच्या स्टँडवर तंबाखूचा उग्र वास ओल्या हवेत भरून होता. आप्पांनी गाठोडी चढवली, आईला आत बसवलं आणि उगाचच दुसरीकडे बघत राहिले.

“तुला एक सांगायचंय,” शिवराज म्हणाला. गंमत म्हणजे आता त्याचीच जीभ अडखळत होती. “मला… म्हंजे, तू हितं नसशील तर दुकान… छ्या! मला तू लई आवडतीस, भाग्या. तुझ्या गोष्टीसाठी न्हाय. गोष्ट नसती तरी. लगीच काय सांगू नको. मी वाट बघीन.”

तो ओठ मिटून हसायला गेला आणि जमलं नाही. तो पुढे आलेला दात दिसलाच.

कंडक्टरने शिट्टी वाजवली. “चला, चला! ओ बाई, चढा की!”

मी पायरीवर चढले. सांगायचं खूप होतं. तूही मला आवडतोस, मिणा आता मरत नाही, तू माझी वाट बघितलीस म्हणून मला माझी वाट सापडली, वगैरे. त्यातलं काहीच नीट येईना. गाडी हलायला लागली. पूर्वीची मी असते, तर मान हलवून आत गेले असते आणि तो अर्थ लावत बसला असता.

मी दांडा धरला आणि कंडक्टरपुढे हात केला.

“थांबवा. मला ब-बोलायचंय.”

“काय?”

“बोलायचंय. वेळ लागेल.”

कंडक्टर चिडला. मागे कुणीतरी हसलं, कुणी ‘काय कटकट’ म्हणालं. मी हात खाली घेतला नाही. शेवटी त्याने कपाळाला हात लावून घंटीची दोरी ओढली आणि भरलेली गाडी घरघरत उभी राहिली.

मी खाली उतरले, शिवराजसमोर उभी राहिले आणि माझ्या गतीने सांगायला सुरुवात केली.