दाराकडची शिवण

"ताई, तू कशाला दगदग करतेस? दोन शोरूम पालथ्या घालायच्यात, कंटाळशील. घरीच आराम कर ना."

ग्यूह्वान हे हसत म्हणाला, पण त्याची नजर ताईकडे नव्हती, सासऱ्यांकडे होती. मल्सुनने ते पाहिलं, आणि हातातली वाटी विसळून शांतपणे पालथी घातली. किमची लोणच्याचे दोन डबे घेऊन ती कालच उल्सानहून सोलला आली होती. भावाच्या घरी तिचं येणं वर्षाकाठी एकदा, आणि तेही पाहुण्यासारखं…

टेबलावर दोन गाड्यांची गुळगुळीत माहितीपत्रकं पडली होती. एक जर्मन, एक इथलीच. दोन्ही उंच, ऐसपैस, दिमाखदार. सासरे निवृत्त प्राध्यापक, त्यांचा कौल जर्मन गाडीला. ग्यूह्वानच्या बायकोला, सातव्या महिन्यातल्या यूजोंगला, इथली हवी होती, कारण त्या गाडीची पायरी खाली होती. ग्यूह्वानने डिकीपासून टायरपर्यंत दोन्हींची तुलना कागदावर मांडली होती, आणि आठवडा झाला तरी त्या कागदातून निर्णय निघत नव्हता.

"वन्सं येणारच," यूजोंग म्हणाली. "मागे बसून कसं वाटतं ते सांगायला कुणीतरी हवंच की."

आई गेली तेव्हा मल्सुन सतरा वर्षांची होती आणि ग्यूह्वान पाच. त्याच वर्षी ती शाळा सोडून शिवणकामाला लागली, आणि पुढे गाड्यांच्या सीटा बनवणाऱ्या कारखान्यात तिची अठ्ठावीस वर्षं गेली. चामडं शिवून शिवून उजव्या अंगठ्यातली जाणीव गेली, लग्नाचं वय निघून गेलं, आणि भाऊ दातांचा डॉक्टर झाला. त्याच्या लग्नात आईच्या जागी बसण्याचा मान तिचाच होता. पण आदल्या दिवशी तो चाचरत म्हणाला होता, "ताई, तिथं मामी बसल्या तर… चालेल का? सासरकडे मी सांगितलंय की तुझा कपड्यांचा व्यवसाय आहे. कुणी काही विचारत बसायला नको." ती एवढंच म्हणाली, "चालेल की. नाहीतरी माझे गुडघे दुखतात." त्या गोष्टीला सहा वर्षं झाली होती. त्या विषयाचा शब्द पुन्हा कुणीच काढला नव्हता.

जर्मन गाडीत ती मागे बसली, दार दोनदा उघडून लावलं आणि उतरली. दुसऱ्या शोरूममधला विक्रेता मोठा बोलघेवडा होता. यूजोंगचं पोट पाहून तो म्हणाला, "बाईसाहेब, आजच ठरवलंत तर चारही सीटांना चामड्याची कव्हरं आमच्याकडून भेट. बाळानं काही सांडलं तरी पुसून टाका."

यूजोंग खूश झाली. सासऱ्यांनीही प्रथमच मान डोलावली.

मल्सुन पुढच्या सीटजवळ उभी होती. तिचा हात आपसूक सीटच्या पाठीवर, दाराकडच्या कडेला गेला होता. गप्प राहिलं तर सगळं सुरळीत होतं… पण या सीटवर यूजोंग बसणार होती.

"कव्हर नको," ती हळूच म्हणाली. "या शिवणीच्या आत एअरबॅग आहे. इथं दोरा मुद्दाम कमजोर घालतात, धडक बसली की ही शिवण उसवायलाच हवी. वरून जाड कव्हर चढवलं तर पिशवी आतच अडकेल."

विक्रेता कसनुसं हसला. सासऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमचा तर कपड्यांचा व्यवसाय ना? हे तुम्हाला कसं ठाऊक?"

मल्सुनने भावाकडे पाहिलं. तो गाडीच्या चाकाकडे बघत होता.

"ऐकलं होतं कुठंतरी," ती म्हणाली.

"मग ऐकीव गोष्टीवर कशाला जायचं? घ्या कव्हरं," सासरे म्हणाले.

विक्रेत्याने कागद पुढे केला. ग्यूह्वानने पेन हातात घेतलं आणि तसंच खाली ठेवलं.

"ऐकीव नाही, बाबा." तो सासऱ्यांकडे वळला. "ताईनं अठ्ठावीस वर्षं हेच काम केलंय. सीटा शिवल्यात. कपड्यांचा व्यवसाय वगैरे काही नाही, ते मी खोटं सांगितलं होतं. मी शिकलो तो तिच्या या शिवणीवर… आणि लग्नात मी तिला मागच्या रांगेत बसवलं."

मग सासरे कमरेत वाकले आणि तिला रीतसर, खोल नमस्कार केला. यूजोंगने मल्सुनचा उजवा हात हातात घेतला. अंगठ्याला तो स्पर्श कळला नाही, पण तिचे डोळे भरून आले.

बाहेर आल्यावर ग्यूह्वान म्हणाला, "इतकी वर्षं तू मला एका शब्दानं बोलली नाहीस."

"बोलले असते तर तू यायचाच थांबला असतास," ती म्हणाली. "मला राग परवडणारा नव्हता, राजा."

"वन्सं, मग गाडी कोणती घ्यायची?" यूजोंगने डोळे पुसत विचारलं.

"जर्मन. मागचं दार जास्त उघडतं, बाळाला आत ठेवताना वाकावं लागणार नाही. पायरी उंच आहे, ती खाली बसवून घेता येते. आणि शिवणही आमच्या हातच्यापेक्षा चांगली आहे, काय करणार?"

ग्यूह्वान हसला आणि हसता हसता रडू लागला.

पुढच्या महिन्यात एका शनिवारी दुपारी तो नवी गाडी घेऊन एकटाच उल्सानला गेला, आणि पाळी सुटायच्या वेळी कारखान्याच्या फाटकापाशी उभा राहिला. मल्सुनबरोबर सात-आठ बायका बाहेर आल्या आणि गाडीला गराडा घालून, दारं उघडून सीटांच्या कडा चाचपू लागल्या. ताईनं त्यांना आपल्याबद्दल काय सांगितलं असेल ते त्याला ठाऊक नव्हतं, कुठून सुरुवात करावी ते सुचेना.

"मी… मल्सुनताईंचा—"

"ग्यूह्वानच ना तू?" त्यातली सगळ्यांत म्हातारी बाई म्हणाली. "लहानपणी गोवराने आजारी होतास, तेव्हा तुझ्या ताईच्या वाटचं काम मी ओढलंय. डॉक्टरकीला पहिल्या खेपेला नापास झालास, तेव्हा आम्ही सगळ्या रडलो होतो. आम्हाला काय सांगतोस तू कोण ते?"

त्याने वाकून नमस्कार केला, आणि बराच वेळ त्याला मान वर करता आली नाही.