मोकळा वाफा

"आईचा निरोप संध्याकाळी येणार आहे, पण तो उतरवून घ्यायला घरात जागा नाही," ठकी म्हणाली.

शाल्मलीच्या हातातला थालिपिठाचा तुकडा हातातच राहिला. "जागा कशाला लागते? हवेतून तर येतो तो."

"चंद्रावर हवा नाही, ताई. तो रेडिओलहरींवरून येतो. आणि आल्यावर घराच्या डिस्कमध्ये राहतो. ती डिस्क भरली आहे."

ठकी म्हणजे घरातले यंत्र. गुडघाभर उंच, चेहरा गोल आणि रंगवलेला. आबांना लहानपणी सावंतवाडीची लाकडी ठकी, म्हणजे बाहुली, होती, तिच्यावरून त्यांनी हे नाव ठेवले. ठकी कधी खोटे बोलत नसे आणि एखादी वाईट गोष्ट सांगताना आवाजही बदलत नसे. त्यामुळे तिचे म्हणणे समजायला जरा वेळ लागे.

शाल्मलीचा जन्म इथलाच, चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या वसाहतीतला. आई वनस्पतिशास्त्रज्ञ. तिने हौसेने मुलीला झाडाचे नाव दिले. शाल्मली म्हणजे काटेसावर. पण काटेसावरच काय, कुठलेच झाड शाल्मलीने पाहिले नव्हते. घराच्या खिडकीतून खाली भाजीचा घुमट दिसे, आणि त्यात सगळ्यांत उंच म्हणजे टोमॅटोचा वेल. तो घुमट आधी आई सांभाळायची. मग ती मंगळावर गेली, तिथली माती धुऊन तिच्यात काही उगवते का ते पाहायला. शाल्मली आणि आबा, म्हणजे आईचे वडील, इथे राहिले.

आई दालन-निरोप पाठवायची (दालन-निरोपात नुसते चित्र येत नाही, बोलणाऱ्याच्या भोवतीची खोलीच येते, आपण तिच्यात फिरून हवे ते पाहू शकतो). मागच्या निरोपात ती म्हणाली होती, "मेथीला आता कोंब येतील असं वाटतंय. सूर्य आड यायच्या आधी तुला दाखवते."

सूर्य आड येणार होता हे खरे. मंगळ फिरत फिरत सूर्याच्या पलीकडे चालला होता. असे झाले की रेडिओलहरी सूर्याजवळून जाताना विस्कटतात, आणि पंधरवडाभर, कधी त्याहूनही जास्त, इकडचा शब्द तिकडे पोचत नाही. आजचा निरोप त्याआधीचा शेवटचा. वसाहतीचा मोठा अँटेना निरोप झेलून ज्याच्या त्याच्या घराकडे सरकवतो, स्वतःपाशी काही ठेवत नाही. घराच्या डिस्कमध्ये जागा नसली तर निरोप जातो तो जातोच.

"मग दुसरी डिस्क आणू."

"मालवाहू यान पुढच्या महिन्यात येईल," ठकी म्हणाली.

आबा आतल्या खोलीतून आले. आयुष्यभर त्यांनी संगणकांच्या स्मृतीवर (म्हणजे संगणक माहिती जिथे साठवतो त्या भागावर) काम केले होते. सगळे ऐकून त्यांनी मान हलवली.

"माझी चित्रं पुसून टाका," शाल्मली म्हणाली. "ढीगभर आहेत. त्यांनीच भरली असणार."

"चित्रं राहू देत. माझा समुद्र काढ, ठकी."

आबांचा समुद्र म्हणजे शिरोड्याच्या किनाऱ्यावरचा लाटांचा आवाज. पृथ्वी सोडायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी तो ध्वनिमुद्रित केला होता. रोज दुपारी तो लावून ते आडवे होत. शाल्मली लहान असताना तिला वाटे, झोप येण्याचा आवाजच तसा असतो.

"काढू?" ठकीने विचारले.

"थांब. आबा, मग तुम्ही झोपणार कसे?"

"म्हातारा माणूस कसाही झोपतो." आबा खुर्चीत बसले. ठकीचा हात पुढे झाला, तसे तेच म्हणाले, "नको, थांब ठकी. जन्मभर लोकांना सांगत आलो की आधी बघा आणि मग पुसा. आज वेळ आली तर मीच डोळे मिटून निघालो."

"बघायचं म्हणजे यादी वाचायची?"

"यादीत काय दिसतं? हत्तीलाही एक ओळ आणि मुंगीलाही एकच. इकडे ये."

ते तिला खिडकीपाशी घेऊन गेले. खाली घुमटात दिव्यांच्या उजेडात भाजीचे चौकोनी वाफे पसरले होते.

"सगळ्यांत जास्त जागा कुठल्या भाजीने घेतलीय?"

"पालकाने."

"मोजलीस?"

"मोजायची कशाला, दिसतेय की."

"बरं. रोपं जास्त कशाची? पालकाची की कोथिंबिरीची?"

शाल्मलीने जरा विचार केला. "कोथिंबिरीची असतील. किती दाट असते ती."

"आणि तिची जागा?"

"वीतभर." ती आबांकडे वळली. "म्हणजे रोपं खूप असली म्हणून जागा खूप लागते असं नाही."

"तेच डिस्कचं. आपण तिच्याकडे असंच वरून बघू. ठकी, वाफे दाखव."

समोरची भिंत उजळली. आबा सांगू लागले. ही भिंत म्हणजे आपली सबंध डिस्क. आधी तिचे मोठे आयत पाडायचे. प्रत्येक आयत म्हणजे एक कप्पा. मग त्या कप्प्यात ज्या फाइली असतील (फाइल म्हणजे माहितीचे एक बांधलेले गाठोडे) त्यांचे लहान आयत त्याच्याच आत पाडायचे. एकच नियम पाळायचा: फाइल जेवढी मोठी, तेवढे तिच्या आयताचे क्षेत्रफळ मोठे. एकीपेक्षा दुसरी दुप्पट असेल तर तिचा आयतही दुप्पट जागेचा. मग प्रकाराप्रमाणे रंग द्यायचे. आवाज निळे, चित्रे पिवळी, दालन-निरोप हिरवे.

"माझी चित्रं कुठायत?"

ठकीने खालच्या कोपऱ्यात बोट ठेवले. तिथे पिवळा भुगा दिसत होता. तीळ सांडावेत तसे.

"सगळी एवढ्यातच?"

"सगळी."

शाल्मलीला जरा अपमान झाल्यासारखे वाटले. आबा मात्र दुसरीकडेच बघत होते, एका निळ्या ठिपक्याकडे. नखाएवढा असेल.

"हा माझा समुद्र?"

"हो, आबा."

"मला वाटलं होतं, निम्मी डिस्क त्यानेच अडवली असेल," आबा म्हणाले. ते बराच वेळ त्या ठिपक्यासमोर उभे राहिले. "नुसता आवाजच आहे ना. आवाजाला जागा थोडी लागते."

मग दोघांनी एकदमच भिंतीच्या उरलेल्या भागाकडे पाहिले. उरलेला भाग म्हणजे जवळजवळ सगळी भिंत. ती हिरवी होती. हिरव्याला हिरवे लागून, ओळीने, एकाच मापाचे आयत. कडेचे चारदोन सोडले तर एकही लहान नाही, एकही मोठा नाही.

"आईचे निरोप," शाल्मली हळूच म्हणाली. "म्हणजे तेच पुसावे लागणार."

"घाई करू नकोस. नीट बघ. तुझी आई दोन निरोप तरी एका मापाचे पाठवते का? कधी दोन वाक्यं, कधी तासभर गप्पा. इतकं सारखं आपोआप होत नाही. हे कुणीतरी लावलंय."

शाल्मलीने एका आयताला बोट लावले. नाव उमटले: 'मेथी पेरली'. शेजारच्याला लावले. 'मेथी पेरली'. खालच्याला, वरच्याला, दूरच्या कोपऱ्यातल्याला. सगळीकडे आई मेथीच पेरत होती.

"ठकी, हे कुणी केलं?"

"मी," ठकी म्हणाली.

"म्हणजे चोर घरातच," आबा म्हणाले.

"चोर घेऊन जातो, आबा. मी आणून ठेवलं आहे."

मग ठकीने जसे घडले तसे सांगितले. चंद्राभोवती हवेचे पांघरूण नाही, त्यामुळे कॉस्मिक किरण (अवकाशातून फार वेगाने येणारे सूक्ष्म कण) थेट खाली पोचतात. एखादा कण डिस्कला लागला तर तिथल्या शून्याचा एक होतो, एकाचे शून्य. म्हणून वसाहतीचा नियम असा, की जे जपायचे त्याच्या तीन प्रती ठेवायच्या. एक बिघडली तरी उरलेल्या दोन मूळ काय होते ते सांगतात.

"ताई रोज जेवण झाल्यावर हा निरोप बघतात आणि मला म्हणतात, हे जपून ठेव हं. मी नियमाप्रमाणे तीन प्रती करते."

"रोज तीन?"

"रोज सांगितलं, म्हणून रोज."

शाल्मलीचे कान तापले. रोज निरोप संपला की खोली एकदम रिकामी व्हायची. काहीतरी बोलायला हवे म्हणून ती ते बोलायची. ठकी ते ऐकते, हे तिच्या ध्यानातही नव्हते. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग ते कामाचे बोलले.

"आता सांग, सारख्या दिसतात म्हणून पुसायच्या?"

"नको. नाव सारखं असलं तरी आत वेगळं काही असेल. आणि माप पण योगायोगाने सारखं असू शकतं."

"शाबास. म्हणून ठसा बघायचा." ठसा म्हणजे काय, तेही त्यांनी सांगितले. फाइलमधल्या सगळ्या माहितीवर एक ठरलेले गणित करायचे, आणि त्याचे उत्तर म्हणून एक आकडा येतो. माहिती तीच असेल तर आकडा तोच. आत एखादे शून्य जरी बदललेले असले तरी आकडा पार निराळा.

ठकी ठसे जुळवू लागली. एक आयत लाल झाला. तो उघडून पाहिला तर आई नेहमीसारखीच बोलत होती, पण तिच्या गालावर एक हिरवा चौकोन लुकलुकत होता.

"कण लागला बिचारीला," आबा म्हणाले. "म्हणूनच तीन ठेवायच्या. बाकी सगळ्या अगदी सारख्या आहेत. आता तीन ठेव आणि उरलेल्या काढ. तूच काढ."

शाल्मलीने बोट पुढे केले आणि मागे घेतले. "आबा, तीच आहे ना ती सगळीकडे."

"एक काढून बघ. आणि मग निरोप लाव."

तिने एक काढली. हिरव्या भिंतीत एक काळी खिडकी पडली. मग तिने निरोप लावला, आणि आई खोलीत उभी राहिली, हिरव्या चौकोनावाचून. मुठीतले मेथीचे दाणे पुढे करून म्हणाली, "शालू, बघ हे. खडे म्हणून फेकून देशील असे. आणि यांच्यात सगळी मेथी आहे."

शाल्मलीने शेवटपर्यंत ऐकले. एक शब्दही कमी नव्हता.

मग ती एकेक करत काढत गेली, नंतर ओळीच्या ओळी. शेवटी भिंतीवर 'मेथी पेरली'चे तीन हिरवे आयत उरले, कडेला आईचे बाकीचे चारदोन निरोप, कोपऱ्यात पिवळा भुगा, एक निळा ठिपका आणि बाकी काळी, मोकळी जागा. घुमटात पालक काढल्यावर वाफा दिसायचा तशी.

निरोप ठरल्या वेळी आला. काळ्या जागेत एक नवा हिरवा आयत हळूहळू वाढत गेला आणि थांबला.

आई गुडघ्यांवर बसली होती. समोर लाल माती, आणि मातीतून वर आलेली मेथी. दोन दोन पानांची, काहींच्या डोक्यावर अजून बीची साल. शाल्मली जवळ जाऊन बसली. आई हाताच्या अंतरावर होती. शाल्मलीने हात पुढे केला, तो आईच्या खांद्यातून आरपार गेला आणि ठकीला लागला.

"तू म्हणशील, एवढीशी," आई म्हणाली. "पण आहे. आता सूर्य मधे येतोय. तू त्याच्या अलीकडे, मी पलीकडे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नंतर रुसू नकोस. इथली डिस्क भरत आलीय. कशाने भरते कळत नाही. तुझा दात पडल्याचा निरोप मी रोज बघते, तो ठेवीन. बाकीचे काही मात्र या पंधरवड्यात पुसावे लागतील असं दिसतंय."

निरोप संपला. खोली रिकामी झाली. पण शाल्मली या वेळी ते नेहमीचे वाक्य बोलली नाही. ती आबांकडे बघत होती आणि आबा तिच्याकडे.

"आबा, तिथेही कण पडतात?"

"पडतात. मंगळाची हवा फार विरळ आहे. नियमही तोच."

"आणि ती रोज बघते."

"आणि बघून झाल्यावर यंत्राला काय म्हणत असेल, ते मी सांगायला नको. माझीच मुलगी ती."

"ठकी, अजून मंगळाकडे काही पाठवता येईल?"

"थोडा वेळ येईल. पण लहर आतापासूनच विस्कटते आहे. दालन जाणार नाही. अक्षरं जातील. मोठ्या गोष्टीपेक्षा लहान गोष्ट धडपणे पोचण्याची शक्यता जास्त."

शाल्मलीने लिहिले: 'आई, काही पुसू नकोस. आधी वरून बघ. सोबत वाफे पाठवतेय. सारख्या मापाचं हिरवं दिसलं तर ठसे जुळव. तीन ठेव. मेथी बघितली.'

वाफे काढायचा तो कार्यक्रम (म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांचा संच) ठकीने निरोपाला जोडला. दोन्ही मिळून भिंतीवर तिळाएवढाही ठिपका झाला नाही. मंगळापर्यंत जायला वीसेक मिनिटे लागणार होती. पोचला की नाही, ते मात्र सूर्य बाजूला झाल्यावरच कळणार होते.

"ताई," ठकीने विचारले, "आजचा निरोप जपून ठेवू?"

"तीन प्रती केल्यास?"

"केल्या."

"मग झालं. आता मी रोज सांगेन, पण तू ऐकू नकोस."

ठकीला हे समजायला वेळ लागला. मग तिने मान हलवली.

"आणि ही जागा?" तिने भिंतीवरच्या काळ्या आयताकडे हात केला. "इथे काय ठेवायचं?"

शाल्मली खिडकीतून खाली बघत होती. घुमटात कुणीतरी मोकळ्या वाफ्याला पाणी घालत होते, पेरायच्या आधी घालतात तसे.

"काही नाही," ती म्हणाली. "तो वाफा आईचा. तसाच राहू दे."

आतल्या खोलीत आबांनी समुद्र लावला. दुपार केव्हाच टळून गेली होती, तरी लावला.