मामाला दिलेला गोलकीपर

बसला खिडक्या होत्या, काचा नव्हत्या. फिजीतल्या लौटोकाच्या बसगाड्यांना त्या नसतातच. पाऊस आला की वर गुंडाळलेली ताडपत्री खाली सोडायची, झालं. लोसालिनीच्या शेजारचा उंच तरुण मात्र ताडपत्रीच्या दोरीशी कुस्ती खेळत होता, आणि सगळा पाऊस आत येऊन लोसालिनीला भिजवत होता.

"व्हिलाच्या संघातला ना तू? शर्टावर लिहिलंय," ती म्हणाली.

"हो. वानुआतूहून आलोय. बेटांच्या चॅम्पियन क्लबांची स्पर्धा…"

"माहीत आहे. मैदानात काय करतोस?"

"गोलकीपर आहे."

लोसालिनीने स्वतःच्या निथळत्या बाहीकडे पाहिलं. "मग आमचं लौटोका जिंकलंच म्हणायचं."

तो इतका मनापासून हसला की हातातली दोरी सुटली आणि ताडपत्री आपोआप खाली आली. नाव सेल्विन तारी. बुटांच्या नाड्या घ्यायला बाजारात थांबला होता. संघ पुढे गेला होता. उतरायचा होता लोसालिनीच्याच गावात, कारण पाहुण्या संघाची सोय तिथल्या सभागृहात होती. उसाच्या शेतांमधून बस हिंदकळत राहिली, आणि दोघांनी तिखटमीठ लावलेला एक अननस संपवला. शेवटची फोड कोणाची यावर थोडं भांडण झालं. फोड लहान होती – भांडण लांबलं.

चूक झाली ती संध्याकाळी.

स्वागताची यांगोना, मुळं कुटून केलेलं गुंगीचं पेय, चालली होती. लोसालिनीचा ताता, म्हणजे वडील, साकिउसा. त्यांना मुलगा नव्हता आणि पाहुणचाराचा आवेग फार होता. दोन्ही एकाच वेळी उसळले. करवंटी रिकामी करून त्यांनी सेल्विनच्या खांद्यावर हात टाकला. "आजपासून हा माझा मुलगा!"

सगळ्यांनी संमतीच्या ओंजळी वाजवल्या, पोकळ तळव्यांच्या टाळ्या. दारात उभ्या लोसालिनीने वाजवली नाही.

साकिउसांचा मुलगा म्हणजे तिचा भाऊ. आणि तिथल्या रीतीने भावाबहिणीने एकमेकांशी बोलायचं नसतं. एका चटईवर बसायचं नसतं, थट्टेचं तर नावच नको. सेल्विनच्या बेटावरही हाच कायदा. तिच्याकडे बघून हसायला निघालेला तो मध्येच थांबला… आणि हसू कुठे ठेवावं हे न कळून यांगोनाच्या भांड्याकडे बघत राहिला.

त्यानंतर तो जेवायला रोज त्यांच्याच घरी येई. मुलगाच तो.

"आई, त्याला विचार, कसावा अजून हवा का."

"आई, तिला सांगा, पोट भरलं."

"आई, त्याला सांग, एवढ्याशा जेवणावर गोल अडत नसतात."

"ही थट्टा झाली," आई म्हणाली. "ही मी पोचवणार नाही."

रोज सकाळी चुलीजवळ सुकी लाकडं फोडून रचलेली असत. ओल्या लाकडांच्या धुराने लोसालिनीचे डोळे लाल व्हायचे, ते थांबलं. लाकडं कोण फोडतं हे तिने विचारलं नाही; भावाची फार चौकशी करणं बरं दिसत नाही.

उपान्त्य सामना लौटोकाशीच पडला. सेल्विनने पेनल्टी अडवली तेव्हा साकिउसा उठून नाचले, मग आपण कोणाच्या लोकांत बसलोय हे आठवून खाली बसले. तरी शेवटी व्हिला हरली. परवाचं विमान ठरलं.

त्या रात्री लोसालिनीला जेवण गेलं नाही. आईने ताट उचललं आणि म्हणाली, "तुझ्या ताताची चूक ताताला सांगून सुधारत नाही. माझ्या भावाकडे जा."

सकाळीच ती नदीपलीकडे गेली. मोमो एपेली, तिचा मामा, जाळं विणत बसला होता.

"मोमो, ताताने एकाला मुलगा केलंय."

"मग?"

"मला भाऊ नको होता."

मोमोने एक गाठ मारली. "भाऊच नको होता, की हा भाऊ नको होता?"

लोसालिनी नदीकडे बघू लागली. नदीत बघण्यासारखं काही नव्हतं.

"बरं," मोमो म्हणाला. "पेटीतला देवमाशाचा दात काढ."

हा दात पुढे ठेवून जे मागावं त्याला नाही म्हणता येत नाही. मोमोने तो साकिउसांपुढे ठेवला आणि म्हणाला, "तुमच्याकडे एक मुलगा आहे. तो मला द्या."

"का?"

"आमच्या गावच्या संघाला गोलकीपर नाही."

हे अगदी खरं होतं, त्यामुळे खोटं बोलल्याचं पापही लागलं नाही. साकिउसांचे डोळे भरले. त्यांनी मुलाकडे पाहिलं, दाताकडे पाहिलं, आणि दात उचलला. ओंजळी वाजल्या. या वेळी लोसालिनीचीही वाजली, जरा जास्तच.

सेल्विन आता तिचा मामेभाऊ झाला. मामेभावाची थट्टा करायचीच असते; केली नाही तर लोक विचारतात, भांडलात का? लग्नही करता येतं. ते मात्र कोणी मोठ्याने म्हणालं नाही.

मोमोच्या ओसरीवर दोघं एकाच चटईवर बसली.

"बोल," तो म्हणाला. "बरंच साठलं असेल."

"पेनल्टीला डावीकडे उडी मारलीस. नशीब, त्यानेही तिकडेच मारली."

"नशीब नाही. डावीकडे तू बसली होतीस."

लोसालिनीने चटईची एक सुटलेली काडी ओढून काढली.

"उद्या मी जाणार," तो हळूच म्हणाला.

"जा. पण एक ऐकून जा. आमच्यात मामाच्या घरातलं काहीही भाचीने न विचारता उचलावं. डुक्कर, होडी, चटई… मामाने हूं की चूं करायचं नाही."

"आणि?"

"आणि तू आता मामाचा आहेस."

पागोळ्या टपटपत होत्या. त्याला समजायला थोडा वेळ लागला.

"मग… परत कधी करणार?"

"मामाकडून घेतलेलं परत करायची पद्धत नाही."

"ऊसतोड सुरू व्हायच्या आत येतो," तो म्हणाला. "मला तू आवडतेस, लोसालिनी. हे आईकरवी सांगवत नव्हतं."

त्याचा पट्ट्या बांधलेला हात चटईवर पडला होता. तिने त्यावर आपला हात ठेवला, आणि उचलला नाही.

दारात मोमो उभा होता. तो जाळं घेऊन पाठमोरा बसला. हूं की चूं केलं नाही.