फुकीच्या जागेवर योमोगी

समुद्रावरून धुकं चढलं की नेमुरोच्या त्या माळावर हात लांब केला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत. जूनमधल्या अशाच एका सकाळी चिनात्सु गमबूट घालून गाय शोधायला निघाली होती. कुंपणाची तार कुठंतरी सैल झाली होती आणि फुकी निसटली होती. गोठ्यातल्या अठ्ठेचाळीस गाईंत फुकीइतकी हट्टी दुसरी नव्हती.

रस्त्यावर एका गाडीचे पिवळे दिवे दिसले. दिव्यांपुढं फुकी आडवी उभी होती, निवांत रवंथ करत. आणि तिच्यासमोर एक उंच तरुण टोपी हातात घेऊन कमरेत वाकला होता.

"माफ करा," तो गाईला म्हणत होता, "जरा बाजूला होता का... मला उशीर होतोय."

चिनात्सु धुक्यातच थांबली. गाईशी इतक्या अदबीनं बोलणारा माणूस तिनं सव्वीस वर्षांत पाहिला नव्हता.

"ती ऐकायची नाही," ती म्हणाली. "तिला नमस्कार नको, मुरघास लागतो."

तो दचकला. आवाजाच्या रोखानं वळून पुन्हा वाकला — पण कुंपणाच्या खांबापुढं.

"मी इकडं आहे."

"हो... माफ करा. मी मोगामी. संशोधन केंद्रातून आलोय. इगाराशींचा गोठा कुठं आहे हो?"

"तुम्ही जिच्याकडं वाट मागताय ती इगाराशींचीच गाय. चला तिच्या मागून. ती रस्ता चुकत नाही, फक्त वेळ लावते."

आणि खरंच, तो दोन तासांचा रस्ता गाडीनं येऊन शेवटचा अर्धा कोस फुकीच्या शेपटीमागं चालत गोठ्यावर पोचला.

शुनसाकु मोगामीचं काम असं होतं. काही गाईंच्या कासेला जन्मात कधी दगडी होत नाही, सूज नाही, गाठ नाही. त्यांच्या लेकींनाही होत नाही. हे रक्तातून येतं का, आणि येत असेल तर कालवड लहान असतानाच ओळखता येईल का, याचा केंद्रात शोध चालला होता. त्यासाठी दर आठवड्याला प्रत्येक गाईचं दूध तपासायला न्यायचं आणि एकदा शेपटीचे केस मुळासकट. इगाराशींचा गोठा निवडला तो चिनात्सुच्या बाबांच्या वह्यांमुळं. तोकुजींनी चाळीस वर्षं प्रत्येक गाईची आई, आजी, वेतं, दुखणी शिसपेन्सिलीनं लिहून ठेवली होती. त्या वह्या आजवर कुणी मागितल्या नव्हत्या. मोगामीनं दोन्ही हात पुढं करून मागितल्या, तेव्हा म्हातारा खाकरला आणि उगाचच खिडकीबाहेर बघू लागला. वह्यांत सगळ्यांत उजवी जोडी होती म्हातारी वाराबी आणि तिची लेक फुकी. दोघींच्या पानांवर दुखण्याचा रकाना कोरा.

मग दर गुरुवारी मोगामी येऊ लागला.

त्याची एक सवय होती. गाईजवळ गेलं की कानातल्या पिवळ्या बिल्ल्याकडं बोट ताठ करायचं आणि मोठ्यानं आकडे म्हणायचे. "चार-सात-एक-तीन!" केंद्रात तसा नियमच होता. दुसऱ्यानं "बरोबर" म्हटल्याशिवाय तो पुढं हलत नसे. चिनात्सुला याचं हसू यायचं. तिनं आयुष्यात बिल्ला वाचला नव्हता. बाबांनी शिकवलं होतं, गाय तोंडावरून ओळखायची, नंबर सरकारसाठी असतो.

काम झालं की ती त्याला उकडलेला बटाटा द्यायची, वर लोणी आणि खारवलेल्या माकुळाचा घास.

"याला नाही का नंबर?" एकदा तिनं विचारलं.

त्यानं गंभीर चेहऱ्यानं बटाट्याकडं बोट केलं. "बटाटा, एक. गरम."

"बरोबर," ती म्हणाली, आणि हसता हसता तिच्या हातातली ताटली कलंडली.

त्यानंतर तिचं काही ठीक राहिलं नाही. बुधवारपासूनच जीव थाऱ्यावर नसायचा. दुधाचा टँकर नऊला येतो, त्याची घरघर ती लहानपणापासून ओळखते. तरी टँकर वळला की ती हातातलं टाकून दारात जायची आणि मग उगाच दाराची कडी तपासायची. गवताची पहिली कापणी चालू होती, माळभर ओला हिरवा वास सुटला होता आणि तिला तो वाससुद्धा टोचत होता. बाबा म्हणायचे, "तुला काय गोमाशी चावली काय?" ती म्हणायची, "हो."

जुलैतल्या एका गुरुवारी केस घ्यायचे होते, आणि चूक तिथंच झाली.

गोठ्याचा पक्का नियम असा की आधी शहाण्या गाई आत घ्यायच्या आणि योमोगीला सगळ्यांत शेवटी. योमोगी दुसऱ्या गोठ्यातून विकत आणलेली, खादाड. दिसायला हुबेहूब फुकी, फक्त कपाळावरच्या पांढऱ्या डागाला खाली शेपूट फुटलेलं. पण त्या सकाळी वळणावर त्याची गाडी वाजली आणि चिनात्सुनं फाटक एकदम सताड उघडलं. फुकीच्या गव्हाणीत कालचा मुरघास उरला होता. योमोगी सरळ तिथं जाऊन उभी राहिली. फुकीनं नाक फेंदारलं आणि शेजारच्या रिकाम्या जागेत गेली. चिनात्सुनं दोघींच्या गळ्यात साखळ्या अडकवल्या, पण मान दाराकडं होती.

मोगामी शेपटीकडं उभा, ती तोंडाकडं. मध्ये गाईची रुंद काळी-पांढरी पाठ. त्यानं पाठीवरून बोट रोखलं आणि आकडे म्हटले. ती म्हणाली, "बरोबर." त्यानं केस उपटले, पाकिटात घातले, वर लिहिलं. पुढच्या गाईलाही तसंच. संध्याकाळी धारेला बसल्यावर तिला योमोगी भलत्या जागी दिसली. तिनं तिला एक शिवी देऊन हलवली, आणि विसरून गेली.

सप्टेंबरात केंद्रातून पत्र आलं. मोगामीच्या वरिष्ठांची सही होती. पत्रात लिहिलं होतं की केसांवरून पाहता फुकी ही वाराबीची लेक नाही. तेव्हा या गोठ्याच्या नोंदींवर भरवसा ठेवता येत नाही, आणि हा गोठा अभ्यासातून वगळण्यात येत आहे. दूध तपासणीच्या उरलेल्या बाटल्या न्यायला मोगामी गुरुवारी शेवटचा येईल.

तोकुजींनी पत्र दोनदा वाचलं. मग मोगामीनं वाचून परत केलेल्या सगळ्या वह्या गोळा करून कपाटात उलट्या ठेवल्या, वह्यांची पाठ भिंतीकडं करून. ते एवढंच म्हणाले की फुकीला त्यांनी याच दोन हातांनी वाराबीच्या पोटातून ओढून काढलं होतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

चिनात्सुला दुपारी गव्हाण झाडताना आठवलं. कालचा उरलेला मुरघास, योमोगी, साखळी. झाडू हातातच राहिला.

सांगितलं की सगळं सुटत होतं. पण सांगायचं कसं? फुकी आणि योमोगी तिनं ओळखल्या नाहीत, हे बाबांना झोपेतसुद्धा खरं वाटलं नसतं. ते विचारणार, असं झालंच कसं? आणि त्याला तिच्याकडं एकच उत्तर होतं. तीन दिवस ती गोठ्यातून घरात आणि घरातून गोठ्यात येरझारा घालत राहिली. न सांगावं तर बाबांच्या चाळीस वर्षांवर काट, आणि गुरुवारही संपले. सांगावं तर... मोगामीच्या मनात तसलं काहीच नसेल तर?

गुरुवारी पुन्हा धुकं होतं. मोगामी आला, टोपी काढून तोकुजींपुढं वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही. म्हणाला, की वह्या खऱ्या आहेत असं तो केंद्रात सांगून थकला. चूक आपली असणार असंही बोलला. पण ती कशी झाली, असं ते विचारतात, आणि तेवढंच त्याला सांगता येत नाही.

"तुमची यंत्रं हुशार," तोकुजी म्हणाले. "त्यांनाच विचारा. बाटल्या तिथं आहेत, उचला."

मोगामी बाटल्यांची पेटी उचलायला वाकला.

"बाबा," चिनात्सु म्हणाली. "त्या दिवशी फुकीच्या जागेवर योमोगी होती. साखळी मी लावली."

तोकुजींनी मान वर केली. "फुकी आणि योमोगी तुला ओळखता आल्या नाहीत?"

"मी... तोंड बघितलं नाही."

"गाईचं तोंड बघितलं नाहीस." म्हातारा एकेक शब्द चावून बोलला. "मग कुणाचं बघत होतीस?"

त्यांनी ते रागानं विचारलं होतं, उत्तरासाठी नव्हे. पण चिनात्सुचे कान मुळापासून लाल झाले. मोगामी पेटी छातीशी धरून तिच्या झाकणाकडं असा बघत राहिला, जणू तिथं काही लिहिलेलं आहे. तोकुजींनी एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं. चाळीस वर्षं मुक्या जनावरांच्या मनातलं ओळखत आलेल्या माणसाला एवढं कळायला वेळ लागला नाही.

"मला कुंपणाची तार बघायची आहे," ते म्हणाले. दारात जाऊन थांबले. "केस उपटायचे तर आज नीट उपटा. नंबर वाचून. आणि वह्या कपाटात उलट्या ठेवल्यात, जाताना घेऊन जा."

गमबुटांचा आवाज धुक्यात विरला. दावणीला गाई रवंथ करत होत्या.

"नियम माझा होता," मोगामी हळूच म्हणाला. "गाईच्या तोंडापाशी जाऊन बिल्ला वाचायचा. त्या दिवशी मी आकडे कागदावरून म्हटले. बोट तेवढं बिल्ल्याकडं होतं."

"आणि डोळे?"

त्यानं पेटी खाली ठेवली. मग म्हणाला, "हे मात्र अहवालात लिहिता येणार नाही."

"लिहा की. केंद्रात विचारतायत ना, कशी झाली म्हणून." तिला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. "दोन महिने माझा पाय एका जागी ठरत नाही. बाबा म्हणतात गोमाशी चावली."

"मी दर बुधवारी गाडी धुतो," मोगामी म्हणाला. "इथं येऊन चिखलानं भरणारच, हे माहीत असूनही."

चिनात्सुला हसू फुटलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं.

मग ती दोघं फुकीच्या तोंडापाशी गेली. दोघं एकाच बाजूला, खांद्याला खांदा लावून. त्यानं बोट ताठ केलं आणि बिल्ला वाचला. "चार-सात-एक-तीन." तिनं फुकीची मान आपल्याकडं वळवून कपाळावरचा डाग पाहिला, डोळे पाहिले, ओलं नाक पाहिलं. "बरोबर." त्यानं शेपटीकडं जाऊन केस घेतले, पाकीट बंद केलं, वर लिहिलं. फुकीनं शेपटीचा एक फटका त्याच्या टोपीवर मारून हिशेब पुरा केला.

टोपी उचलून तो उभा राहिला. ताठ बोट पुन्हा वर आलं, पण या वेळी ते बिल्ल्याकडं नव्हतं.

"इगाराशी... चिनात्सु."

तो उत्तराची वाट बघत राहिला. दूर धुक्यात तोकुजी तार ठोकत होते — ठक, ठक.

"घाई नको," ती म्हणाली. "मागच्या वेळी अशीच फसगत झाली. आधी नीट तोंड बघा, मग नाव घ्या."

त्यानं बोट खाली घेतलं आणि बघितलं. खूप वेळ बघितलं.

"बरोबर," चिनात्सु म्हणाली.